राखेतला डबा

माणिकनं आपल्याला 'इथलीच एक बाई' म्हणावं, एवढंच भागिरथाबाईच्या घशाखाली उतरत नव्हतं. बाकी सगळं तिनं गिळलं असतं. डबा बिघडवला म्हणाला, ते गिळलं असतं. चिडला, तेही. त्याचा बाप असाच होता, सांडशी आपटून बोलायचा आणि घटकाभरानं तिच्याकडंच तंबाखू मागायचा. पण कालच नागपूरहून आलेल्या त्या सर्व्हेच्या पंजाबरावनं विचारलं, "हा डबा कुणी ठोकला?" आणि पोटच्या पोरानं मान खाली घालून सांगितलं, "इथलीच एक बाई आहे. लोहारकाम करते." आहे म्हणाला. घरात हाय म्हणणारा पोरगा आहे म्हणाला, आणि तेवढ्या एका शब्दानं मालेगावच्या रस्त्याकडेची तिची सबंध भट्टी, ऐरण, भाता, आणि त्यांच्यामागं पस्तीस वर्षं उभी असलेली ती, असं सगळंच दूर कुठंतरी, दुसऱ्याच्या मुलखात जाऊन पडलं. ती काही आडून ऐकत नव्हती. वीस पावलांवर, पुंजाजीच्या मळ्यातल्या चुना फासलेल्या दगडापाशी उघडी उभी होती, डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन. पंजाबरावनं तिच्याकडं पाहिलंही. डबेवालीकडं पाहावं तसं पाहिलं.

वीस पावलांवर उभं राहायचं, हा माणिकचाच कायदा. आठ दिवसांपूर्वी सरकारी सर्व्हेचा तंबू मळ्यात पडला तेव्हाच त्यानं तो दगड पुरला होता. दगडाच्या आत लोखंड न्यायचं नाही. विळा नाही, कुदळ नाही, सायकल नाही, धोतराला लावलेली पिनसुद्धा नाही. आत, पुंजाजीच्या कांद्याच्या खोलीत, यंत्र होतं. माणिकनं एकदा तिला आत नेऊन दाखवलं होतं, तेव्हा तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून दगडावर ठेवला, आणि बऱ्याच वेळानं, माणिक पाहत राहिला म्हणून, किल्ल्यांशेजारचा काटा काढायचा चिमटाही काढला. तो चिमटा लग्नाच्या वर्षी मालकानं बनवून दिलेला. मालक गेले तेव्हा बायकांनी तिचं काय काय काढून घेतलं, चिमट्याला कुणी हात लावला नव्हता. लोखंड कोण काढून घेतो. आत गेल्यावर तिला दिसलं ते एवढंच, की कोळ्याच्या जाळ्यापेक्षा बारीक अशा धाग्याला तांदळाच्या दाण्याएवढी दोन लोहचुंबकं टांगलेली, त्यांना आरशाचा कपटा चिकटवलेला, आणि समोरच्या भिंतीवरच्या पट्टीवर उजेडाचा एक टिपका. जमिनीत नळी घालून काढलेला काळा दगड खाली ठेवला की तो टिपका जागचा हलायचा. "माय, हा दगड कधीकाळी तापून पातळ झाला होता," माणिक म्हणाला होता. तेव्हा 'माय' म्हणाला होता. "थंडा होता होता त्यानं उत्तर कुठं हाय ते धरून ठेवलं. आजून धरून हाय. कोणता थर कोणता, ते यावरून समजते. अन् पानी थराच्या सांध्यात राह्यते."

"दगडाले दिशा समजते," ती म्हणाली होती, "अन् तुह्या मामाले वाशिमहून यायची वाट समजत नाही."

पण मनात तिला ते पटलं होतं. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, विहिरींचे तळ तिनं पाहिले होते, आणि तळाशी तोच काळा दगड होता, पोट आत ओढून बसलेला. त्याच्या पोटात काही असेल तर ते विचारायला कुणी तरी यायलाच हवं होतं. आणि विचारणाऱ्या यंत्राची राखण तिचा माणिक करत होता. त्या दाण्याएवढ्या लोहचुंबकांना दगडाचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू यावं म्हणून बाहेरचा गलका आड करायचा, हे त्याचं काम. मोटारी, नांगर, कुलुपं, विजेची तार, सगळ्यांचा ओढा त्या दाण्यांना लागतो म्हणे. म्हणून यंत्राभोवती मऊ लोखंडाचे दोन डबे, एकात एक, मधे बोटभर जागा सोडून. बाहेरून आलेला ओढा डब्याच्या अंगातूनच वळसा घेऊन पलीकडं जातो, आत शिरत नाही. तिनं ते पाहताच ओळखलं होतं. उतरंडीतल्या तळच्या मडक्यात तांदूळ ठेवतात ते काय वेगळं. वरच्याला धक्का लागतो, तळच्याला कळतही नाही.

आणि ही जागा कुणी शोधून दिली होती? माणिक महिनाभर आधी आला होता, म्हणाला होता, लोखंड नसलेलं घर पाह्यजे. सारं मालेगाव हसलं. ज्या घरात खिळा नाही असं घर असतं का? भागिरथाबाई हसली नाही. गावातला प्रत्येक खिळा तिला माहीत होता. बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, गाडीच्या धावा, वेशीच्या दाराची पट्टीसुद्धा. निम्म्यांवर मालकाचा हातोडा पडला होता आणि सगळ्यांवर तिचा घण. तिनं डोळे मिटून गल्ली-गल्ली हिंडून पाहिलं, कुठं काय ठोकलंय, आणि पुंजाजीच्या मळ्यात येऊन थांबली. पंचवीस वर्षांमागं मालकाशी पुंजाजीचं भांडण झालं होतं, मोटेच्या कड्यावरून. "खेमा लोहाराचा खिळा माह्या मळ्यात लागनार नाही," असं तो भर बाजारात बोलला आणि तुरीच्या दाण्याएवढ्या गोष्टीसाठी त्यानं पुढं सबंध कांद्याची खोली बाभळीच्या खुंट्या आणि अंबाडीच्या दोरांवर उभी केली. भागिरथाबाईच त्याच्याकडं गेली. मालक गेल्यापासून त्याच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

"काहून आली, लोहारीन?" पुंजाजी म्हणाला. "खिळे इकाले?"

"नाही. तुह्या रागाले कामाले लावाले आली."

म्हातारा खूप हसला. खोली दिली. म्हणजे त्या यंत्राला गावातली एकमेव गप्प जागा मिळाली, ती तिच्या डोक्यातून निघाली होती. हे पंजाबरावला कोण सांगणार? इथलीच एक बाई.

ती टोपली दगडावर ठेवून परत फिरली. माणिक दोन पावलं तिच्यामागं आला आणि थांबला. मेथीच्या वाफ्यांमधून, कांद्याच्या पातीचा वास घेत ती चालली होती आणि तिच्या उजव्या हाताच्या तळव्याला मुंग्या येत होत्या. त्याच हातानं ठोकला होता डबा. गुरुवारी यंत्रावरून उतरवताना बाहेरचा डबा पडला, काठाला तळहाताएवढा पोचा आला. आतल्या डब्याला तो टेकत होता. माणिकनं तो गोणपाटात गुंडाळून घरी आणून ठेवला, नागपूरला पाठवू म्हणाला आणि झोपडीवजा तंबूत निघून गेला. शुक्रवारी सकाळी तिनं गोणपाट उघडलं. शेजारणीचं शेंबडं पोर दिसलं की हात आपसूक पदराकडं जातो, तसा तिचा हात हातोडीकडं गेला. काय लोखंड होतं ते. साय असावी तसं. ठोका घालावा की मुकाट जागेवर येई, आवाज न करता. ऐरणीच्या शिंगावर फिरवत फिरवत तिनं दुपारपर्यंत तो असा सरळ केला की पोचा कुठं होता ते तिलाच बोटानं शोधावं लागलं. एक ठोकाही वायफळ नाही. मालक असते तर त्यांनी डबा फिरवून पाहिला असता, काही बोलले नसते, आणि रात्री भाकरी एक जास्त खाल्ली असती. आणि शनिवारी तोच डबा चढवल्यावर अर्ध्या मैलावरून, वाशिमच्या रस्त्यानं, अकराची एसटी गेली आणि भिंतीवरचा उजेडाचा टिपका वाऱ्यावरच्या दिव्यासारखा सरकला. सोमवारी मोठे साहेब येणार. टिपका जागेवर राहिला तर तळ इथंच, आणि माणिकची रोजंदारी जाऊन कायमची नोकरी. नाही राहिला तर यंत्र उचलून दुसऱ्या जिल्ह्यात, आणि माणिक पुन्हा भट्टीवर, त्याला कधीच न आवडलेल्या धुरात.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली नाही. शनिवारची संध्याकाळ ती ऐरणीसमोर बसून होती आणि मनात त्याच्याशी भांडत होती. बिघडवला म्हणे. दुसरीपर्यंत शिकलेली बाई असले, एसटीची पाटी अक्षर अक्षर लावून वाचत असले, तरी लोखंड बिघडवलेलं नाही मी. तू पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत घण मारला. सासू म्हणायची पोर बहिरं निघेल. निघालं नाही. ऐकू येत होतं तुला, म्हणून तर धग लागली की पळायचास आणि शाळेच्या ओट्यावर जाऊन बसायचास. मालक म्हणाले याला भात्यावर बसवू, आणि मी म्हणाले एका घरात एक घण पुरे. अकोल्याला कारागिरीच्या शाळेत घातलं ते मी. मालक गेल्यावर गावानं फाळ वाशिमला पाठवायला सुरुवात केली, बाईचा ताव पातळ म्हणून, आणि एका पेरणीत सगळे फाळ बोथट होऊन परत आले. तेव्हा एकालाही मी टोमणा मारला नाही. म्हणजे मारला, पण काम झाल्यावर.

भांडता भांडता तिच्या ध्यानात आलं की आपण ऐरणीवरचा लोखंडाचा कीस बोटानं गोळा करतोय. कानशीनं घासल्यावर पडतो तो काळा भुगा. आणि कीस बोटाला नाही, ऐरणीच्या शिंगाच्या टोकाला चिकटून बसला होता, बारीक मिशीसारखा. हे तिला नवीन नव्हतं. ठोकून ठोकून ऐरण चिकट होते, हातोडी चिकट होते, विळ्याच्या टोकाला सुई लटकते. मालक म्हणायचे, मार खाल्लेलं लोखंड हावरं होतं. तिनं उठून दारामागचं गोणपाट ओढलं. माणिकनं दुपारीच डबा कुणाच्या तरी हातून परत पाठवला होता. तिनं मूठभर कीस कागदावर पसरला आणि डब्याची चांगली बाजू त्यावर टेकवून उचलली. कीस खालीच राहिला. मग डबा फिरवून, जिथं पोचा होता, जिथं तिनं एकही ठोका वायफळ घातला नव्हता, ती बाजू टेकवून उचलली.

मुंगीच्या मिशीएवढा. पण धरला होता.

पोरगा खरं बोलला होता. तिचे कान तापले. ज्या लोखंडाचा गुणच हा, की स्वतःजवळ काही ठेवायचं नाही, आलं ते अंगावरून जाऊ द्यायचं, त्याला तिनं थंडगार असताना, एवढ्या प्रेमानं, एवढ्या देखण्या हातानं ठोकलं होतं, आणि प्रत्येक ठोका त्यानं लक्षात ठेवला होता. तिला वाटलं, दुसऱ्या कुणा ओबडधोबड लोहारानं काम केलं असतं तर त्यानं तापवून चार दणके घातले असते आणि कदाचित बरं झालं असतं. ही खोड तिच्या सफाईनंच केली. आणि हे वाटताच, का कोण जाणे, तिला पुन्हा अभिमान वाटला. बिघडवलं तेही कुणाला जमणार नाही असं बिघडवलं. आणि मार खाल्लेलं लोखंड ताळ्यावर कसं आणतात, ते काय नागपूरला विचारायला जायचंय? तार ओढताना, पत्रा दुमडताना तो कडक येतो, अडून बसतो. मग काय करतात? त्याला पळसाच्या फुलाचा रंग येईस्तोवर ताव देतात आणि पाण्यात नाही बुडवत. पाण्यात बुडवलं की ते जास्तच अडतं. त्याला राखेत गाडतात आणि विसरून जातात. घाई केली की गेलं. दगडही असाच सावकाश थंड झाला म्हणाला होता ना माणिक. पण दगडानं थंड होताना धरलं आणि लोखंड थंड होताना सोडतं, हे कोडं तिला सुटेना. दगडाचं दगडापाशी. तिला लोखंडाचं माहीत होतं.

रविवारी सकाळी माणिक आला. इस्त्रीची पँट, पायांत बूट. "डबा दे," म्हणाला. "नवाच्या गाडीनं नागपूरले पाठवतो. पोचला तर पोचला."

"भाता धर."

"त्याले भट्टी लागते. कुलूपबंद भट्टी, हवा न शिरनारी. हे आपल्या भट्टीचं काम नाही."

"हवा नाही शिरत त्या भट्टीत?"

"नाही."

तिनं कोपऱ्यातला लोणच्याचा मोठा मातीचा रांजण आणला, त्यात कोळशाचा भुगा भरला, डबा त्यात बसवला, वरून भुगा दाबला आणि तोंडाला चिखल लिंपला. बाजूला बोटभर भोक ठेवलं, रंग पाहायला. "घे," ती म्हणाली, "झालं कुलूप. आता बूट काढ."

त्यानं बुटांकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. हा तिला ठाऊक असलेला पोरगा होता, धगीपुढं उभा राहून पळावं की राहावं ते न ठरलेला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. गोवऱ्या रचल्या, त्यावर बाभळीचा कोळसा. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, कुणी तरी हाक मारली, "काय माणिकराव, आज सुट्टी?" आणि तिला समजलं की आता त्यानं जर बूट काढले तर ते हाक मारणाऱ्याच्या देखत काढायचे आहेत. त्यानं काढले. भाता धरला. पहिल्या दहा वेळा श्वास चुकला, मग बापाचा ठेका त्याच्या खांद्यात आला, त्याला न विचारता. ती भोकाला डोळा लावून होती. काळं, मग चिंचेच्या बोटुकाचं तपकिरी, मग डाळिंबाचं. धगीनं तिचा डोळा पाझरत होता आणि पाझरणाऱ्या डोळ्यासमोर मालक उभे होते, सांडशी धरून, ती घण उगारून, आणि दोघांच्या मधे तांबडं लोखंड, आणि एकही शब्द नाही. मालकांच्या छोट्या हातोडीचा एक ठोका म्हणजे इथं मार. दोन म्हणजे थांब. पंचवीस वर्षांचा संसार त्या दोन ठोक्यांत झाला. 'माझी बायको' असं ते कुणाला म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. पण फाळ चांगला निघाला की घेणाऱ्यासमोर तिच्याकडं बोट करायचे. नुसतं बोट.

"पुरे," ती म्हणाली. "पळस फुलला."

दोघांनी दोन ओल्या बांबूंच्या मधे धरून रांजण उचलला आणि भट्टीमागच्या खड्ड्यात, गरम राखेत, गळ्यापर्यंत गाडला. वर आणखी राख.

"किती वेळ?" माणिकनं विचारलं.

"उद्या हात लावू देईन तवा."

"साहेब अकराले येतात."

"त्यायले सांग, राखेले घड्याळ नाही."

तो जेवला नाही. बूट हातात घेऊन अनवाणी गेला. सबंध रविवार राख कोमट होत राहिली आणि ती तिच्याजवळ बसून राहिली, चिमट्यानं तळहातातली कुसळं काढत. राग त्याच्यावर होता की डब्यावर, की त्या एका देखण्या पोच्यावर, तिला सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की डबा विसरत चालला होता आणि ती विसरत नव्हती.

सोमवारी सकाळी रांजण फोडला. डबा राखेरी रंगाचा निघाला, तिनं हात लावला तेव्हा थंड आणि काहीसा परका. कीस पसरला. टेकवला, उचलला. पहिल्यांदा चांगली बाजू. मग ती. कागदावरचा एक कणही हलला नाही. तिनं तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती म्हणून केलं. मग डबा लुगड्याच्या जुन्या धडप्यात तान्ह्या पोरासारखा गुंडाळून, कुठं आदळू नये म्हणून रस्ता सोडून बांधाबांधानं, मळ्यात गेली. पांढऱ्या दगडापाशी थांबली, किल्ल्या ठेवल्या, चिमटा ठेवला, आणि डबा माणिकच्या हातात दिला. माणिकनं तो दोन्ही हातांनी घेतला.

साहेब आले, जाड, घामेजलेले, घड्याळ काढून पंजाबरावजवळ देऊन आत गेले. ती वीस पावलांवर. शेजारी पुंजाजी, विडी न पेटवता तोंडात धरून. अकराची एसटी वाशिमकडून आली तेव्हा तिनं ती आधी पायांत ऐकली. खोलीच्या दारातून भिंतीवरची पट्टी दिसत होती, आणि पट्टीवर टिपका. गाडी पुलावर आली. गाडी मळ्यासमोरच्या त्याच रस्त्यानं गेली, एवढं लोखंड, पन्नास माणसांसकट. टिपका देवळातल्या नंदीसारखा बसून होता. मग खाली काळा दगड ठेवला गेला आणि टिपका उठला, हलके चार बोटं सरकला, आणि तिथं थांबला. दगड बोलला होता.

"परवा रीडिंग हलत होतं म्हणाला होतात," साहेबांचा आवाज आला. "डबा नवा आणला?"

"नाही सर. पुन्हा मऊ करून घेतला," माणिक म्हणाला.

"इथं? कुणी केला?"

पुंजाजीनं विडी तोंडातून काढली. भागिरथाबाई टिपक्याकडं पाहत राहिली.

माणिक दारात आला. त्याच्या मनगटांना भट्टीची काळी रेघ अजून होती. तिच्याकडं त्यानं हात केला, सगळा हात, निवडणुकीतल्या पुढाऱ्यासारखा, आणि म्हणाला, "ह्या माझ्या मातोश्री, सर."

साहेबांनी हात जोडले. काय केलं, कसं केलं, विचारलं. तिनं रांजणाचं सांगितलं, किसाचं सांगितलं, आणि डबा ठोकून आपणच बिघडवला होता, तेही सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं अर्धंच झालं असतं. पंजाबराव खाली पाहत होता. साहेब म्हणाले, तळ इथंच राहील, माणिकचं नाव मी आजच वर कळवतो. जीप गेली. पुंजाजी म्हणाला, "लोहारीन, म्या आता एक खिळा घेईन म्हंतो तुह्या हातचा," आणि तिनं म्हटलं, "ह्या खोलीत मारशीन तर हात तोडीन," आणि तो हसत वाफ्याकडं गेला.

मग दोघंच राहिले. माणिक दगडाजवळ आला. किल्ल्या त्यानंच उचलून तिच्या हातात दिल्या, मग चिमटा. "झालं काम," म्हणाला. "तू आज नसती तर..."

ती किल्ल्या कमरेला अडकवत होती. सावकाश अडकवल्या. चिमटा त्याच्या जागी लावला. मग त्याच्याकडं, त्या इस्त्रीच्या कॉलरवर बसलेल्या राखेच्या ठिपक्याकडं, नीट पाहिलं, जसं ती भोकातून रंग पाहत होती.

"परवा एक बाई होती, आज मातोश्री झाली," ती म्हणाली. "मधात माय होती, ते तुह्या तोंडून एकडावही नाही निंगाली. डबा पक्का झाला, माणिक. तुले आजून एक ताव कमी हाय."